पावसाआधीचे छप्पर



गेल्या नाताळाआधी एका मंडळीत आपल्या कामाची माहिती द्यायला गेले होते. उपासनेनंतर चहा चालू असताना तेथील एका वडिलांनी विचारले, "ताई, आम्ही घरांसाठी पैसे दिले होते. वर्षभरात किती घरे बांधलीत?" मी म्हणाले, "नवे एकही नाही." त्यांचा चेहरा उतरला. मी पुढे काही सांगणार, तेवढ्यात कोणीतरी बिस्किटांचे ताट घेऊन आले आणि विषय तिथेच राहिला. घरी परतताना एसटीत मला त्याचीच रुखरुख लागली होती. पैसे देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे, आणि माझे उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे या अंकात लिहिते.

आपले घरांचे काम मुख्यतः वाडा, विक्रमगड आणि जव्हार तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर चालते. तिथली घरे कुडाची. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणून दोन्ही बाजूंनी माती आणि शेण लिंपलेली भिंत. तिला आधार लाकडी मेढींचा, वर बांबूचे वासे, त्यावर गवत नाहीतर नळ्याची कौले. शहरातून आलेल्या माणसाला हे पाहिले की दया येते आणि "इथे पक्के घर बांधून देऊ" असे तो लगेच म्हणतो. मीही सुरुवातीला म्हणत असे.

पण कुडाचे घर मुळात वाईट नसते. उन्हाळ्यात ते पत्र्याच्या खोलीपेक्षा कितीतरी गार असते. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा लोक रात्र रात्र अंगणात झोपत होते. विटांच्या साध्या भिंतीला धक्क्याने भेग पडते, कूड मात्र हलतो आणि पुन्हा उभा राहतो. पडलाच तरी हलका असतो. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे काय झाले ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे, त्याखाली हजारो माणसे झोपेतच गेली. म्हणून कूड पाडून टाकायची घाई आम्ही करत नाही. कुडाचे वैरी दोनच, पाणी आणि वाळवी. पाणी वरून येते, वाळवी खालून.

मग ही घरे पडतात का? याचे उत्तर मला घरात सापडले नाही, वीटभट्टीवर सापडले.

छपराचे गवत पावसाळा सरल्यावर पिकते आणि दिवाळीनंतर कापायचे असते. शाकारणी, म्हणजे जुने गवत काढून नवे घालणे, कौले उतरवून पुन्हा लावणे, वासे बदलणे, हे काम चैत्र-वैशाखातले. आणि नेमक्या याच महिन्यांत कातकरी कुटुंब घरी नसते. आश्विनात हातात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून बयाणा घेतलेला असतो. दिवाळी झाली की भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर सगळे घरदार निघते. नवरा गारा कालवतो, बायको साचा मारते, पोरे विटा उलटतात. आठवड्याला खर्ची मिळते आणि हंगाम संपल्यावर हजारांवर हिशेब होतो. भट्टी पावसाने बंद पडते, म्हणजे कुटुंब वाडीवर परतते ते आभाळ भरून आल्यावर. तेव्हा ना गवत असते, ना वेळ. बाजारातून निळे प्लास्टिक आणून छपरावर टाकले जाते आणि वर दगड ठेवले जातात. पहिल्या पावसाळ्यात ते कसेबसे निभते. दुसऱ्या वर्षी वासे कुजतात. तिसऱ्या वर्षी पाणी थेट कुडावर येते, माती धुपते, मेढीचा पाय कुजतो आणि श्रावणातल्या एखाद्या रात्री घर बसते. हंगामभर दुसऱ्यांच्या इमारतींसाठी विटा थापणाऱ्या बाईच्या घराची ही तीन वर्षांची कथा आहे. घर पडल्यावर नवे बांधायला पैसे लागतात, ते पुन्हा बयाण्यातून येतात, आणि पुढच्या वर्षी भट्टीवर आणखी जास्त दिवस राहावे लागते.

हे कळायला आम्हाला एक चूक करावी लागली. दहा-बारा वर्षांपूर्वी एका देणगीतून आम्ही एका विधवा बाईला विटांची खोली बांधून दिली. एक दार, एक खिडकी, वर पत्रा. प्रार्थना झाली, फीत कापली, दात्याच्या नावाची पाटी लागली. पुढच्या वर्षी गेले तर खोलीत पेंढा आणि दोन शेळ्या. बाई शेजारी स्वतः घातलेल्या कुडाच्या पडवीत राहत होती. मला राग आला होता, हे कबूल करते. तिने शांतपणे सांगितले, "ताई, खोली चांगली हाय. पण धूर जायला जागा नाय ठेवली. नि दुपारी आत बसवत नाय." आम्ही तिला खोली कशी हवी हे एकदाही विचारले नव्हते. चूल कुठे, धान्याची कणगी कुठे, पावसात लाकडे कुठे ठेवणार, काहीच नाही. पाटी मात्र आजही स्वच्छ वाचता येते.

त्यानंतर आम्ही कामाची रीत बदलली. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही वाडीवर जात नाही, भट्ट्यांवर जातो. आपल्या वाड्यांवरची कुटुंबे कुठल्या भट्टीवर आहेत याची वही ठेवलेली आहे. संध्याकाळी काम थांबल्यावर बसायचे आणि विचारायचे, यंदा छपराचे काय? घरातले कोणी पंधरा दिवस आधी परतू शकेल का? परतता येत नसेल तर भाऊबंदांपैकी कोण अंगमेहनत देईल? हे ठरल्यावरच सामान विकत घेतले जाते.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला आहे. आधी छप्पर, मग वळचण, मग जोते. वळचण निदान दोन फूट बाहेर हवी. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या तर कूड वर्षानुवर्षे टिकतो. नंतर मेढींचे पाय. कुजलेला भाग कापून मेढ दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभी करायची आणि लोखंडी पट्टीने बांधायची, म्हणजे वाळवीची वाट बंद होते. जोते दीड फूट उचलून दगडाने बांधायचे. हे सगळे करायला फार मोठे कौशल्य लागत नाही, पण घाई केली की चुकते. पत्र्याचेच बघा. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा असतो. खोलगट भागात मारला तर पाणी तिथूनच आत येते. वॉशर विसरला तरी तेच. दोन पत्रे एकमेकांवर नीट चढवले नाहीत तर वादळात पहिल्यांदा तिथूनच उचलतात. शहरातल्या मंडळीतून तरुण मुले मदतीला येतात, त्यांना छपरावर चढून फोटो काढायचा असतो. आम्ही त्यांना जोत्याचे दगड वाहायला लावतो. संध्याकाळपर्यंत त्यांचीच वाडीवाल्यांशी जास्त गट्टी जमलेली असते.

पत्रा की कौल, हा प्रत्येक घरी वादाचा विषय. पत्रा हलका, पटकन बसतो, पण तापतो. त्याखाली गवताचा किंवा बांबूच्या चटईचा थर दिला तर बराच फरक पडतो. मंगलोरी कौले गार राहतात आणि एक फुटले तर एकच बदलता येते, मात्र वासे मजबूत हवेत आणि माकडांचा उपद्रव असेल तर रोजची डोकेदुखी. (या कौलांचा मंगळूरचा पहिला कारखाना 1865 मध्ये बासेल मिशनने काढला. छपराचे काम मिशनला नवे नाही, एवढेच सांगायचे होते.) सिमेंटचे पत्रे आम्ही वापरत नाही, कारण ते कापताना अॅस्बेस्टॉसची धूळ उडते आणि ती छातीत जाते. कुठले छप्पर घालायचे ते घरातली बाई ठरवते. चुलीच्या वर धुरासाठी आढ्याजवळ फट ठेवायची, हा नियम मात्र आमचा.

ही "दान नव्हे, भागीदारी" अशी पद्धत आम्ही शोधून काढलेली नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात क्लॅरेन्स जॉर्डन यांनी 1942 मध्ये कोइनोनिया नावाची शेती-वसाहत सुरू केली. काळे आणि गोरे तिथे एकत्र राहत, म्हणून आजूबाजूच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपली मोठी संपत्ती देऊन टाकलेले वकील मिलर्ड फुलर आणि त्यांच्या पत्नी लिंडा तिथे आले आणि गरीब कुटुंबांसाठी घरे बांधण्याची योजना तिथेच आकाराला आली. नफा घ्यायचा नाही, व्याज लावायचे नाही, कुटुंबाने स्वतः मेहनत करायची, आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढचे घर उभे करायचे. त्यातून 1976 मध्ये 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था झाली. गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये ही निर्गमाच्या 22 व्या अध्यायातली आज्ञा त्यांनी अगदी शब्दशः घेतली. 2006 साली याच संस्थेच्या कामासाठी जिमी कार्टर आपल्या लोणावळ्याजवळ आले होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष, वय 82, आणि हातात हातोडी. देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी आणि त्या कुटुंबांनी मिळून तिथे शंभर घरे उभारली.

त्यांच्याकडून आम्ही मेहनतीची अट घेतली. परतफेडीची अट सर्वांना लावली नाही. वारली आणि कोकणा शेतकरी कुटुंबे भात विकल्यावर सामानाचा काही भाग बिनव्याजी परत करतात आणि तो दुसऱ्या घराला लागतो. पण ज्या कातकरी कुटुंबाच्या डोक्यावर आधीच बयाणा आहे, त्याच्यावर कर्जाचा आणखी एक कागद ठेवणे मला बरोबर वाटत नाही, मग तो कागद बिनव्याजी का असेना. समितीत यावर दोन मते आहेत. माझे हे आहे.

"सरकार घरकुल देते, मग आपण कशाला?" असेही विचारले जाते. देते, आणि त्याचा उपयोग होतो. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरासाठी सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये धरलेले आहेत. राज्याची आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमातींच्या घरकुलाला 2 लाख मिळतात. अडचण अशी, की पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि पुढचा हप्ता आधीचे काम झाल्याचा फोटो चढल्यावरच सुटतो. ज्याच्याकडे स्वतःची शिल्लक आहे त्याला हे जमते. ज्याच्याकडे नाही तो जुने घर पाडून जोत्यावर अडकतो आणि पावसात ताडपत्रीखाली बसतो. तिथे आपण सिमेंट, सळ्या आणि गवंड्याची मजुरी उसनी देतो. हप्ता आला की ती परत येते. हा फिरता निधी लहान आहे, पण मंडळीने दिलेला एक रुपया त्यात अनेकदा फिरतो. घराखालची जागाच दुसऱ्याच्या नावावर असेल तर मात्र यातले काहीच चालत नाही. अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आम्ही कागदपत्रे घेऊन तलाठी कार्यालयात फेऱ्या मारतो, आणि तोवर निदान छप्पर गळू देत नाही.

तेव्हा त्या वडिलांना सांगायचे राहिलेले उत्तर हे, की एका नव्या घराच्या पैशात आम्ही बऱ्याच घरांची छपरे पावसाआधी बांधून घेतली, आणि ती घरे आज उभी आहेत. त्यांच्यासमोर फीत कापता येत नाही, हे खरे.

मार्चअखेर भिवंडीजवळच्या एका भट्टीवर गेले होते. यादीतल्या एका बाईचा हिशेब अजून फिटलेला नाही, त्यामुळे मेच्या आधी तिला सुटता येणार नाही. तिच्या जागी थोरला दीर हात लावणार आहे. त्याची भरपाई ती आवणीच्या वेळी त्याच्या शेतावर दिवस भरून करेल, हे दोघांचे आपसात ठरले आहे. निघताना तिने पदराच्या गाठीतून सुतळीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. त्याला दोन गाठी मारल्या होत्या. "ही चुलीपासनं दारापर्यंतची लांबी. एवढीच ठेवा ताई. पोरगं लहान हाय, लांब गेलं की दिसत नाय."

तिचे पत्रे आणि बांबू सध्या आपल्या केंद्राच्या ओसरीत पडून आहेत. मेच्या दुसऱ्या शनिवारी ते वाडीवर न्यायचे आहेत. शेवटचा अर्धा तास पायवाट आहे, टेम्पो जात नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी आदल्या आठवड्यात कार्यालयात कळवावे. चपला नकोत, बूट घालून या. जेवण वाडीवरच आहे, भात, डाळ आणि सुकट.