खेड्यातल्या बंगल्यांतून दिल्लीपर्यंत : लुटियन्स यांची वाटचाल

राष्ट्रपती भवनामुळे एडविन लुटियन्स हे नाव आपल्याकडे सर्वांना माहीत. १९१२ मध्ये दिल्लीचं काम मिळालं, तेव्हा त्यांच्या गाठीशी वीसेक वर्षांचा अनुभव होता, तोही मुख्यतः इंग्लंडच्या ग्रामीण भागात श्रीमंतांचे बंगले बांधण्याचा.

जन्म १८६९ चा. आजारपणामुळे शाळा फारशी झाली नाही. सरे परगण्यात गावोगाव हिंडायचं, जुनी घरं बघायची आणि काचेच्या तुकड्यावर साबणाने त्यांचा आराखडा गिरवायचा, हेच शिक्षण.

१८८९ मध्ये बागतज्ज्ञ गर्ट्रूड जेकिल भेटल्या. बाई वयाने २५ वर्षांनी मोठ्या. घर लुटियन्स यांचं, बाग बाईंची, अशी जोडी जमली. जेकिलबाईंचं स्वतःचं घर ‘मन्स्टेड वूड’ याच जोडीतून उभं राहिलं. दगड तिथलाच, लाकूड ओकचं.

व्यवसाय वाढला तो मात्र ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकामुळे. मालक एडवर्ड हडसन यांनी स्वतःचं घर लुटियन्स यांच्याकडून बांधून घेतलं आणि त्यांच्या कामाचे फोटो छापत राहिले. वाचक म्हणजे गावाकडे घर बांधू पाहणारे पैसेवाले! याहून चांगली जाहिरात कुठली?

पहिल्या महायुद्धानंतर अशी गिऱ्हाइकं कमी झाली. किराणा दुकानांच्या साखळीतून श्रीमंत झालेल्या ज्युलियस ड्रू यांचा डेव्हनमधला ‘कॅसल ड्रोगो’ १९११ मध्ये सुरू झाला, १९३० मध्ये संपला, तोही मूळ आराखड्यापेक्षा बराच लहान. सपाट छप्पर मात्र पहिल्यापासून गळकं.