पुसलेलीं छायाचित्रें कोठें जातात?

नवा फोन घरीं आला म्हणजे जुन्या फोनांतील नखाएवढें मेमरी कार्ड कोणास तरी देऊन टाकण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. तें कधीं धाकट्या भावास मिळतें, कधीं वर्गमित्रास, तर कधीं मोडतोडीच्या दुकानीं जातें. देतेवेळीं आंतील चित्रें पुसलीं म्हणजे काम झालें अशी बहुतेकांची समजूत असते. ती खरी नाहीं; आणि कां खरी नाहीं हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस समजावून द्यावें या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

शाळेंतील हजेरीपटाचा दाखला घ्या. कार्डावर एक तर खुद्द चित्रें असतात, आणि दुसरी असते त्यांची यादी: कोणतें चित्र, कोणत्या बाकावर. आपण 'डिलीट' असा हुकूम दिला म्हणजे यंत्र चित्राकडे फिरकतही नाहीं. तें हजेरीपट उघडतें, नांवाचें पहिलें अक्षर खोडून तेथें एक ठराविक खूण करितें, आणि 'हा बाक मोकळा' असें टिपून ठेवितें. (३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सामान्यतः 'फॅट' नांवाची जी पद्धति असते, तींत अक्षरशः असेंच घडतें.) मुलगा मात्र बाकावर बसलेलाच असतो! दुसरा कोणी येऊन त्याच जागीं बसेपर्यंत तो उठत नाहीं. 'क्विक फॉरमॅट' म्हणजे तर जुना हजेरीपट फाडून कोरा आणणें. त्यानें वर्ग कसा रिकामा होणार?

आतां एखादा मनुष्य हजेरीपट बाजूस ठेवून बाकाबाकावरून हिंडूं लागला तर काय होईल? ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनीं रचलेला 'फोटोरेक' नांवाचा, फुकट मिळणारा प्रोग्रॅम नेमकें हेंच करितो. जेपेग जातीच्या प्रत्येक चित्राचा आरंभ एकाच ठराविक अंकांनीं होतो; तो जणूं शाळेचा गणवेश. गणवेश दिसला कीं हा प्रोग्रॅम त्या चित्रास बाहेर काढितो. चुकून पुसलेलीं चित्रें परत मिळवावीं हा त्याचा मूळ हेतु चांगलाच आहे, आणि तो पुष्कळांच्या उपयोगीं पडला आहे. परंतु तें हत्यार चांगल्या व वाईट अशा दोन्हीं हातांत सारखेंच चालतें.

हें भय काल्पनिक नव्हे. इंग्लंडांतील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या संशोधकांनीं वापरलेलीं १०० मेमरी कार्डें विकत घेऊन तपासलीं व २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३६ कार्डें मालकांनीं मुळींच पुसलीं नव्हतीं. २९ कार्डांचें फॉरमॅट झालेलें होतें, तरी त्यांतील मजकूर थोड्या खटपटीनें परत आला. नीट पुसलेलीं अशीं अवघीं २५ निघालीं. सांपडलेल्या वस्तूंत खासगी छायाचित्रें होतीं, तशाच पासपोर्टांच्या नकलाही होत्या.

आपल्या घरांतील कार्डावर काय असतें तें आठवून पाहा. आधार कार्डाचें व बँकेच्या पासबुकाचें चित्र, ताईच्या लग्नांतील चित्रें, शेजारच्या मुलांचे खेळतांना काढलेले फोटो, सहलीस गेलेला सारा वर्ग. फोनांतील स्थळ नोंदण्याची सोय चालू असेल तर चित्राच्या पोटांत दिवस, वेळ आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. म्हणजे मुलाच्या चेहऱ्यासोबत त्याच्या घराचा पत्ताही गेला. आपलें स्वतःचें चित्र कोणास द्यावें हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कार्डावर जीं दुसरीं माणसें आहेत त्यांस आपण विचारलें आहे काय? आमच्या मतें खरा मुद्दा हाच आहे.

मग उपाय कोणता? वर्गांतील प्रत्येक बाकावर नवा मुलगा आणून बसविणें, म्हणजे सगळ्या कार्डावर दुसरें कांहीं तरी लिहून काढणें, हाच. प्रथम हवीं तीं चित्रें दोन ठिकाणीं उतरून घ्यावीं, आणि तीं उघडतात याची खात्री करावी. घाई करणारे येथेंच रडतात. नंतर कार्ड संगणकास जोडावें. विंडोजमध्यें फॉरमॅटच्या खिडकींत 'क्विक फॉरमॅट'पुढील खूण काढून टाकावी. २००७ सालीं बाजारांत आलेल्या व्हिस्टापासून पुढें असें पूर्ण फॉरमॅट केल्यास सर्वत्र शून्यें लिहिलीं जातात. कार्डांचीं मापें ठरविणाऱ्या एसडी असोसिएशनचा स्वतःचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यांत 'ओव्हरराइट फॉरमॅट' निवडावें. वेळ लागतो. सेकंदास १० एमबी या वेगानें ३२ जीबीचें कार्ड भरण्यास सुमारें ५३ मिनिटें जातील. क्षणांत काम संपलें तर तें झालें नाहीं असें खुशाल समजावें. घरीं संगणक नसेल तर सर्व कांहीं पुसून, कोऱ्या भिंतीचा व्हिडिओ कार्ड भरेपर्यंत घ्यावा आणि मग तो पुसावा. हा उपाय थोडा कच्चा आहे, पण कांहीं न करण्यापेक्षां पुष्कळ बरा. शेवटीं 'फोटोरेक' आपणच चालवून पाहावा. वरच्या इयत्तांतील मुलांना हा प्रयोग फार आवडेल.

कित्येक लोक कार्डावर लोहचुंबक फिरवितात. त्यानें कांहींही होत नाहीं. जुन्या कॅसेटींवर नोंद चुंबकत्वानें होई. येथें ती सूक्ष्म कोठड्यांत कोंडलेल्या विद्युत्कणांनीं होते.

या कोठड्यांचा एक स्वभाव मात्र लक्षांत ठेवावा लागतो. त्या पुनःपुन्हां लिहिल्यानें झिजतात. म्हणून कार्डाच्या आंत एक चिमुकला नियंत्रक बसविलेला असतो; तो झीज सर्वत्र सारखी वाटून देतो, आणि कांहीं जागा आपणांस न दाखवितां राखून ठेवितो. त्यामुळें जुन्या चित्राच्या 'जागेवर' लिहावयास सांगितलें, तरी तो भलत्याच जागीं लिहूं शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनीं याच जातीच्या स्मृतीवर चालणाऱ्या डिस्कांवर प्रयोग करून २०११ सालीं दाखविलें कीं, एकेक फाइल निवडून पुसण्याचे उपाय भरंवशाचे नाहींत. सगळी जागा दोनदां भरून काढणें बहुतेक वेळां पुरतें, परंतु सर्वदां नाहीं. मित्रास द्यावयाच्या कार्डास दोनदां भरणें पुरे आहे. ज्यावर कोणाच्या अब्रूचा किंवा पैशाचा प्रश्न आहे असें कार्ड मात्र देऊंच नये. नवें कार्ड कांहीं शें रुपयांस मिळतें.

तें नष्ट करावयाचें तर वरील प्लॅस्टिकचें कवच तडकून भागत नाहीं, आंतील चिप फुटली पाहिजे. कार्ड जाड कापडांत गुंडाळून वडील माणसानें डोळ्यांवर चष्मा लावून हातोड्यानें त्याचे तुकडे करावे. जाळूं नये, धूर विषारी असतो.

राहिलें बिघडलेलें कार्ड. झिजलेलीं कार्डें पुष्कळदां नवें कांहीं लिहूं देत नाहींत, पण जुनें वाचूं देतात. असें कार्ड कोणत्याच प्रोग्रॅमनें पुसतां येत नाहीं, आणि नेमकें तेंच आपण 'बिघडलें' म्हणून केरांत टाकितों. त्यासही हातोडाच दाखवावा, व तुकडे इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावे.