बॅकअप झाला, तरी स्टोरेज फुल्ल! व्हिडिओंच्या उरलेल्या फाइल्स कशा शोधाल, कोणत्या पुसाल?

लग्न, बारसे, गणपतीची मिरवणूक, शाळेचे स्नेहसंमेलन असे सगळे आता मोबाइलवर चित्रित होते. रात्री वाय-फाय मिळाले की त्याचा बॅकअपही होतो. तरीही काही दिवसांतच 'स्टोरेज फुल्ल'ची सूचना झळकते आणि दिसेल ते डिलीट करण्याचा सपाटा सुरू होतो. त्यात कधी कधी एखाद्या प्रसंगाची एकमेव मूळ फाइलच हातची जाते. बॅकअपनंतर मागे काय उरते, ते कुठे दडलेले असते आणि त्यातले काय पुसणे सुरक्षित आहे, हे समजून घेऊ.

बॅकअपनंतरही जागा भरलेली का राहते?

बॅकअप म्हणजे प्रत काढणे. गुगल फोटोजने व्हिडिओ क्लाउडवर चढवला, तरी फोनमधील फाइल जागच्या जागीच राहते. ती आपोआप निघून जात नाही. ४के दर्जाच्या चित्रीकरणात एका मिनिटाला साधारण १७० एमबी किंवा त्याहून अधिक जागा लागते. म्हणजे १० मिनिटांच्या एका व्हिडिओने पावणेदोन जीबीच्या आसपास जागा खाल्ली.

शिवाय एकच व्हिडिओ फोनमध्ये अनेक ठिकाणी असू शकतो. कॅमेऱ्यातील मूळ फाइल, एडिटिंग ॲपने तयार केलेली प्रत, व्हॉट्सॲपवर पाठवताना बनलेली प्रत आणि डिलीट करूनही ट्रॅशमध्ये पडून असलेली प्रत, असा हा पसारा असतो.

या फाइल्स फोनमध्ये नेमक्या कुठे असतात?

ट्रॅश किंवा रीसायकल बिन : डिलीट केलेला व्हिडिओ लगेच जात नाही. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला व्हिडिओ ट्रॅशमध्ये ६० दिवस, तर बॅकअप न झालेला ३० दिवस राहतो. सॅमसंगच्या गॅलरीचा ट्रॅश वेगळा, फाइल मॅनेजरचा वेगळा. आयफोनमध्ये 'रीसेंटली डिलीटेड' अल्बममध्ये साधारण ३० दिवस फाइल थांबते. ट्रॅश रिकामा होईपर्यंत फोनमधील जागा मोकळी होत नाही.

लपलेल्या फाइल्स : अँड्रॉइड ११ पासून ट्रॅशमध्ये गेलेल्या फाइलचे नाव बदलते आणि ती त्याच फोल्डरमध्ये लपून राहते. नावाच्या सुरुवातीला टिंब आणि 'ट्रॅश्ड' हा इंग्रजी शब्द येतो. एखाद्या ॲपकडून लिहून पूर्ण न झालेल्या फाइलच्या नावापुढे 'पेंडिंग' असते. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'शो हिडन फाइल्स' सुरू केल्यावर त्या दिसतात. मुदत संपली की यंत्रणा त्या स्वतःच काढते. घाई असेल तर त्या ज्या ॲपमधून डिलीट केल्या, त्याचाच ट्रॅश रिकामा करणे उत्तम.

व्हॉट्सॲप : नव्या अँड्रॉइड फोनमध्ये हे व्हिडिओ 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया' आणि त्यात व्हॉट्सॲपचे फोल्डर अशा वाटेने सापडतात. त्यातील 'सेंट' फोल्डरमध्ये तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंच्या प्रती असतात. ॲपच्या सेटिंगमधील 'स्टोरेज अँड डेटा' आणि पुढे 'मॅनेज स्टोरेज' येथे ५ एमबीहून मोठ्या फाइल्स व अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या दिसतात. सफाईची सुरुवात येथून करणे सोपे.

काढून टाकलेल्या ॲपचे फोल्डर : बॅकअप किंवा एडिटिंगचे ॲप अनइन्स्टॉल केले की त्याचे स्वतःचे खासगी फोल्डर जाते. मात्र त्याने 'मूव्हीज', 'डाउनलोड' किंवा 'डीसीआयएम' फोल्डरमध्ये तयार केलेल्या फाइल्स तशाच राहतात. ॲप काढल्याने क्लाउडवरील प्रत पुसली जात नाही आणि प्ले स्टोअरवरून घेतलेले मासिक सबस्क्रिप्शनही बंद होत नाही. ते वेगळे रद्द करावे लागते.

लॅपटॉपवर काय उरते?

फोनमध्ये जागा करण्यासाठी अनेक जण व्हिडिओ लॅपटॉपवर घेतात आणि तिथेही तोच प्रश्न उभा राहतो. आयफोनचा संगणकावर घेतलेला बॅकअप 'मोबाइलसिंक' नावाच्या फोल्डरमध्ये साठतो. जुना फोन विकला तरी त्याचा बॅकअप तिथेच राहतो. हे फोल्डर हाताने उघडून त्यातील सुट्या फाइल्स पुसू नयेत. त्यामुळे संपूर्ण बॅकअप निकामी होऊ शकतो. विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस ॲपमधून, तर मॅकवर फाइंडरमधील 'मॅनेज बॅकअप्स'मधून जुना बॅकअप काढावा.

दुसरे उदाहरण लग्नाच्या डीव्हीडीचे. घरोघरी अशा डिस्क कपाटात आहेत आणि आता त्या फोनवर पाहता याव्यात म्हणून एमपी४ मध्ये बदलल्या जातात. काही सॉफ्टवेअर आधी संपूर्ण डिस्क लॅपटॉपवर उतरवतात आणि मग तिचे रूपांतर करतात. काम झाल्यावर डिस्कची ती प्रत मागे राहते. ती 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये किंवा एकाच मोठ्या आयएसओ फाइलमध्ये असते. फोल्डरमध्ये व्हीओबी प्रकारच्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या फाइल्स दिसतात. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, तर दुहेरी थराच्या डीव्हीडीची ८.५ जीबी. चार-पाच डिस्क उतरवल्या की २० जीबीहून अधिक जागा सहज अडकते.

मग या सगळ्या फाइल्स पुसून टाकायच्या का?

नाही. उरलेली दिसणारी फाइल प्रत्येक वेळी जादा प्रतच असते असे नाही. चार ठिकाणी गफलत होते.

१) क्लाउडवरील प्रत कमी दर्जाची असू शकते. गुगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' निवडलेले असेल, तर १०८० पीपेक्षा वरच्या दर्जाचा व्हिडिओ १०८० पीवर आणला जातो. तुम्ही ४के मध्ये चित्रीकरण केले असेल, तर पूर्ण दर्जाची मूळ फाइल फक्त फोनमध्ये असते. 'फ्री अप स्पेस' दाबले की तीच जाते. मूळ दर्जा हवा असल्यास 'ओरिजिनल क्वालिटी' निवडा किंवा फाइल आधी हार्ड डिस्कवर घ्या.

२) व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओचा बॅकअप झालेलाच नसतो. गुगल फोटोज सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेते. इतर फोल्डर स्वतः निवडावे लागतात. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्येही 'इन्क्लूड व्हिडिओज' सुरू नसेल, तर व्हिडिओ वगळले जातात. नातेवाइकांनी ग्रुपवर टाकलेला आजी-आजोबांचा व्हिडिओ अशा वेळी केवळ तुमच्या फोनमध्येच असू शकतो.

३) बॅकअप आणि सिंक यांत फरक आहे. गुगल फोटोजमध्ये व्हिडिओ निवडून साधे 'डिलीट' केले, तर तो फोनमधून जातो तसाच क्लाउडमधूनही जातो. आयक्लाउड फोटोज सुरू असलेल्या आयफोनवर डिलीट केलेला व्हिडिओ त्या खात्याशी जोडलेल्या सर्व उपकरणांवरून निघतो. गुगल फोटोजमध्ये फक्त फोनमधील प्रत काढण्यासाठी 'फ्री अप स्पेस', तर आयफोनवर मूळ फाइल आयक्लाउडवर ठेवून जागा वाचवण्यासाठी 'ऑप्टिमाइज स्टोरेज' हा पर्याय आहे.

४) डीव्हीडीचे रूपांतर अर्धवट झालेले असते. एका डिस्कवर विधी, स्वागत समारंभ, वरात असे वेगवेगळे भाग असतात. काही सॉफ्टवेअर त्यातील सर्वांत मोठा भागच आपोआप निवडतात. एमपी४ नीट चालते म्हणून 'व्हिडिओ टीएस' फोल्डर पुसले आणि नंतर डिस्कवर ओरखडे निघाले, तर उरलेले भाग कायमचे गेले.

पुसण्यापूर्वी तपासणी कशी करावी?

- दुसऱ्या फोनवर किंवा संगणकाच्या ब्राउझरवर तेच खाते उघडा आणि व्हिडिओ चालवून पाहा. ज्या फोनमधून पुसायचे आहे, त्याच फोनवर पाहिल्यास फोनमधलीच फाइल सुरू होण्याची शक्यता असते.
- सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी व्हिडिओ चालवा. आवाज येतो का, तेही ऐका.
- दोन्ही प्रतींची लांबी जुळते का पाहा. मिनिटे कमी भरली, तर प्रत अर्धवट आहे. आकार कमी पण लांबी तीच असेल, तर दर्जा घटला आहे.
- डीव्हीडीच्या बाबतीत डिस्कच्या मेनूमधील सर्व भाग नव्या फाइल्समध्ये आले का, ते मोजा.
- महत्त्वाच्या व्हिडिओच्या किमान दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी असू द्या. फोन आणि त्याच फोनमधील मेमरी कार्ड ही दोन ठिकाणे नव्हेत. फोन हरवला की दोन्ही जातात.

निर्धोकपणे काय काढता येते?

ॲपची 'कॅशे' काढण्यास हरकत नाही, ती पुन्हा तयार होते. मात्र शेजारचेच 'क्लिअर डेटा' बटण ॲप नव्यासारखे कोरे करते आणि ॲपमधील अर्धवट प्रकल्प त्यात जाऊ शकतात. कॅमेऱ्यातील मूळ व्हिडिओ सुरक्षित असेल, तर 'सेंट' फोल्डरमधील त्याची प्रत काढता येते. विंडोजच्या सेटिंगमधील 'टेम्पररी फाइल्स' हा पर्यायही उपयुक्त आहे. फक्त त्या यादीत 'डाउनलोड्स' फोल्डरही असते, त्यावर चुकून टिक करू नका.

क्लाउडची जागाही भरली असेल तर?

गुगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींसाठी मिळून आहे. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजवरील कमी दर्जाचे नवे बॅकअपही या मर्यादेत मोजले जातात. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत धरला जातो. आयक्लाउडवर मोफत जागा ५ जीबीच आहे. जागा संपली की नवा बॅकअप थांबतो आणि जुन्या सूचनांच्या गर्दीत ही सूचना नजरेतून सुटते. म्हणून सफाई करण्याआधी बॅकअपची शेवटची तारीख पाहावी. ती दोन महिन्यांपूर्वीची असेल, तर त्यानंतरचा प्रत्येक व्हिडिओ सध्या फक्त तुमच्या फोनमध्ये आहे.