सौर जलतापक, घरगुती
सूर्याच्या उष्णतेने घरातील वापराचे पाणी तापविणारे साधन. १९७३ च्या खनिज तेल संकटानंतर इंधने महागली आणि या साधनाकडे लक्ष वळले. १०० लि. पाणी २०° से. वरून ६०° से. पर्यंत तापविण्यास सु. ४·७ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. शेगडीवर त्यासाठी रोज सु. ६०० ग्रॅ. गॅस जळतो, म्हणजे १४·२ किग्रॅ. चा सिलिंडर स्नानाच्या पाण्यातच सव्वातीन-साडेतीन आठवड्यांत संपतो. स्वच्छ उन्हात सु. २ चौ. मी. क्षेत्रफळाचा सपाट संग्राहक हेच काम करतो. काचेखालील काळ्या पत्र्याला जोडलेल्या नळ्यांतील पाणी तापून हलके होते व वरच्या टाकीत चढते. त्यामुळे पंप लागत नाही.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) सु. २०° उ. अक्षांशावर आहे. म्हणून तेथील पुंडलिकनगरसारख्या वस्तीत संग्राहक दक्षिणाभिमुख व ३०° ते ३५° कलता बसविणे हिवाळ्यासाठी हितावह ठरते. ऊन येथे विपुल आहे. खरी अडचण पाण्याची. शहरात गेली अनेक वर्षे नळाचे पाणी काही दिवसांआड येत आले आहे. गरम पाणी थंड पाण्याच्या दाबानेच बाहेर पडत असल्याने थंड पाण्याची टाकी मोठी व जलतापकाहून उंच हवी. विंधन विहिरीचे पाणी दुष्फेन असल्यास तापताना क्षार नळ्यांत साचतात व अभिसरण मंदावते. अशा ठिकाणी नळ्यांतील पाणी बंदिस्त ठेवून उष्णता-विनिमयकाद्वारे टाकीतील पाणी तापविणारा प्रकार, महाग असला तरी, निवडावा.