श्वासवाट : आधी चादरी, मग नळी

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचा भाग पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. गोव्यात पेडण्यातल्या तुयेच्या एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो आधी घ्यावासा वाटला. त्यांचे वडील स्थूल, मान आखूड, घोरणं मोठं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञांनी पाठीखाली घड्या केलेल्या चादरी रचून त्यांना अर्धवट बसवलं. वाचक विचारतात, ‘इस्पितळात धड उशी नव्हती का?’

उशी असणारच, पण ती पुरली नसती.

श्वासनलिकेत नळी घालायची तर तोंडातून स्वरयंत्र दिसायला हवं. सडपातळ माणसाच्या डोक्याखाली सात-नऊ सेंटिमीटरची उशी ठेवली, मान पुढे आणली आणि चेहरा किंचित वर केला की बहुधा भागतं. सकाळची हवा हुंगणाऱ्या माणसाची ही ठेवण, असं भूलतज्ज्ञ इव्हान मॅगिलने १९३६ मध्ये लिहिलं. तोंड, घसा आणि स्वरयंत्र यांचे अक्ष अशाने एका रेषेत येतात, हे स्पष्टीकरण १९४४ मध्ये बॅनिस्टर आणि मॅकबेथ यांनी दिलं. अनेक वर्षं ते निमूटपणे शिकवलं गेलं. २००१ मध्ये फ्रान्सच्या आद्नेने एमआरआय काढून पाहिलं, तर अक्ष जुळतच नव्हते! स्पष्टीकरण डळमळलं, तरी ठेवण टिकली, कारण ती बहुतेकांच्या उपयोगी पडते.

स्थूल माणसाची अडचण निराळी. त्याची पाठ आणि खांदे इतके जाड असतात की एका उशीने डोकं छातीच्या मागेच राहतं. छाती वर येते आणि स्वरयंत्र पाहायच्या लॅरिंगोस्कोपची मूठ तिला अडते. म्हणून कमरेपासून चढ करायचा. खूण सोपी आहे: बाजूने पाहिलं की कानाचं भोक आणि गळ्याखालची, छातीच्या हाडावरची खाच एका आडव्या रेषेत हवीत. या ठेवणीत स्थूल रुग्णांचं स्वरयंत्र अधिक चांगलं दिसतं, हे कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं.

मला मात्र दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. आडवं झालं की पोट छातीखालच्या श्वासपडद्याला वर ढकलतं आणि फुप्फुसातला प्राणवायूचा साठा आटतो. भूल दिल्यावर श्वास थांबतो तेव्हा त्याच साठ्यावर तगायचं असतं. आधी प्राणवायू नीट भरला असेल तर निरोगी माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात. अतिस्थूल माणसाला त्याच्या निम्मीही नाहीत. २००५ मध्ये डिक्सन यांनी अशा रुग्णांना प्राणवायू देताना पंचवीस अंश वर बसवलं, तर सुमारे पाऊण मिनिट वाढीव मिळालं. नळी पहिल्या प्रयत्नात जात नाही तेव्हा पाऊण मिनिट फार असतं.

पण चढ सगळ्यांनाच करावा असं नाही. २०१७ मध्ये सेमलर यांनी अतिदक्षता विभागातल्या २६० रुग्णांवर दोन्ही ठेवणींची तुलना केली. तिथे चढावर स्वरयंत्र उलट कमी दिसलं आणि प्राणवायूतही फायदा आढळला नाही. महामार्गावरच्या अपघातात मानेला मार बसल्याची शंका असेल तर मान हलवायचीच नाही. एकाने दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि दुसऱ्याने नळी घालायची. ठेवण समोरच्या माणसाकडे बघून ठरते, आणि ती भुलीचं औषध देण्याआधी ठरते. नंतर निश्चल देह उचलून चादरी सरकवण्यात तीच मौल्यवान मिनिटं जातात.

वाचकांच्या तुयेचं नवं इस्पितळ बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी (गोमेकॉशी) जोडावं म्हणून पेडणेकर झगडले, ते योग्यच आहे. रात्री-अपरात्री म्हापसा किंवा बांबोळी गाठणं म्हणजे काय, हे पेडण्यातल्या घराघरांत ठाऊक आहे. यंत्रं यावीत, तज्ज्ञ यावेत. चादरींचा चढ मात्र आजही कुठल्याही आरोग्य केंद्रात रचता येतो. लागतो तो शिकलेला हात.

तुयेच्या वाचकांना एक विनंती. वडिलांना नळी घालणं अवघड गेलं होतं का, हे त्या डॉक्टरांना विचारा. गेलं असेल तर तसं लिहून मागा आणि तो कागद आधार कार्डासोबत ठेवा. पुढच्या वेळी भूल देणारा डॉक्टर दुसरा असेल. त्याच्या हाती तो कागद भुलीच्या औषधाआधी पडायला हवा.