जुन्या गोव्याचे एक शब्दचित्र आणि ते रेखाटणारा लष्करी अधिकारी

दरवर्षी ३ डिसेंबरच्या सुमारास मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतील अनेक कुटुंबे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्तासाठी जुन्या गोव्यास जातात. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज बारदेशातून इकडे आलेले असल्याने ते शहर आपणांस परके वाटत नाही. परंतु पावणेदोनशे वर्षांपूर्वी तेथे आलेल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने त्या शहराचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते आपल्यात फारसे कोणी वाचलेले नसावे. ते वाचण्यासारखे आहे, आणि पारखून घेण्यासारखेही.

हा अधिकारी म्हणजे रिचर्ड फ्रान्सिस बर्टन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत तो लेफ्टनंट होता. भाषा शिकण्याची त्याची आवड एवढी, की हिंदुस्थानी व गुजराती पाठोपाठ मराठीच्याही सरकारी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. पुढे १८५३ साली मुसलमान यात्रेकरूच्या वेशात त्याने उस्मानी तुर्कांच्या अमलाखालील मदिना व मक्का ही शहरे पाहिली. त्यांवरील सचित्र ग्रंथाने त्याचे नाव सर्वत्र झाले. मात्र त्याचे पहिले पुस्तक मक्केवरचे नव्हे, तर गोव्यावरचे होय.

सिंध प्रांतात प्रकृती बिघडल्यामुळे रजा घेऊन तो १८४७ च्या प्रारंभी मुंबईहून फतेमारीने निघाला. हे शिडाचे गलबत किनारा धरून चाले. त्यामुळे पणजीस पोहोचण्यापूर्वी आपला मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा त्याच्या डाव्या हातास लागला असणार. या प्रवासावरील ‘गोवा अँड द ब्लू माउंटन्स’ हे पुस्तक १८५१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्यात शिळाछापाची चित्रे आहेत, पण ती मोजकीच. खरी चित्रे शब्दांची आहेत. चांदण्या रात्री पाहिलेल्या ओसाड जुन्या गोव्याचे वर्णन त्यांत सर्वांत सरस, असे आम्हांस वाटते.

ते शहर इतके ओसाड का झाले होते? सतराव्या शतकापासून साथीच्या रोगांनी तेथील वस्ती वारंवार कापून काढली. त्याच काळात डचांनी पोर्तुगीजांचा समुद्रावरील व्यापार हिरावून घेतला. १७५९ मध्ये विजरईंनी आपले निवासस्थान पणजीस हलविले, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. त्यापूर्वीच, १८३५ मध्ये, पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांचे मठ बंद केले होते. राखण करणारे कोणी न उरल्याने संत ऑगस्टिनच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. आज आपण पाहतो तो अर्धा मनोरा १९३१ साली ढासळून उरलेला. बर्टन आला तो या पडझडीच्या ऐन मध्यावर, आणि त्या क्षणाचे शहर त्याच्या लेखणीत राहून गेले, हा त्याचा आपणांवर उपकारच आहे.

परंतु डोळा तीक्ष्ण असला म्हणून निवाडा न्याय्य ठरतो असे नाही. गोव्याच्या ऱ्हासाचे मोठे कारण त्याला पोर्तुगीजांच्या स्थानिक लोकांशी झालेल्या विवाहसंबंधांत दिसले. मिश्र वंशाच्या लोकांविषयी आणि येथील ख्रिस्ती समाजाविषयी त्याने अत्यंत तुच्छतेने लिहिले आहे. वंशावरून माणसाची लायकी ठरविण्याची ती त्या काळातील साहेबी दृष्टी होती. गंमत अशी की, त्याची स्वतःची व्यवस्था पाहणारा साल्वादोर हा गोव्याचाच ख्रिस्ती नोकर होता! सान्ता मोनिका मठातील धर्मभगिनीस पळवून नेण्याचा एका इंग्रज अधिकाऱ्याचा बेत फसल्याची खमंग कथाही बर्टनने या साल्वादोरच्याच तोंडी घातली आहे. ती इतिहास म्हणून घेऊ नये.

त्याच्या निवाड्यातून एक गोष्ट मात्र निसटली. धर्मसंघ गेल्यावर जुन्या गोव्यातील व खेड्यापाड्यांतील उपासना कोणी चालू ठेवली? ज्यांना तो कमी लेखत होता, त्या स्थानिक समाजातील धर्मगुरूंनीच प्रामुख्याने हा भार वाहिला. याच समाजातील संत जोसेफ वाझ यांनी १६८७ मध्ये श्रीलंकेत जाऊन, डचांच्या छळाच्या काळात, तेथील ख्रिस्तसभा तगवून धरली होती. २०१५ मध्ये ते संतपदास पोहोचले.

वाचकांसाठी एक खुलासा: पुस्तकात ज्या शिरोड्याची हकिकत येते, ते गोव्यातील फोंडा भागातील शिरोडे, आपल्या वेंगुर्ले तालुक्यातील नव्हे. नामसाम्यामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे.

बर्टनने १८६१ मध्ये इझाबेल या निष्ठावान कॅथलिक स्त्रीशी लंडनच्या कॅथलिक चर्चमध्ये विवाह केला. १८७६ मध्ये तो तिला घेऊन पुन्हा गोव्यात आला. तिनेही त्या भेटीविषयी लिहिले आहे. १८९० मध्ये त्रिएस्त येथे त्याचे निधन झाले, तेव्हा इझाबेलने धर्मगुरूस बोलावून त्यास अंतिम अभ्यंगाचा संस्कार देवविला. लंडनजवळ मॉर्टलेक येथील कॅथलिक स्मशानभूमीत त्याची कबर आहे. तिचा आकार अरबांच्या तंबूसारखा आहे.