टिकटिक कुणाची?

जुनी गाडी, जाणते कान : लेखांक ६

गेल्या आठवड्यात इंजिन ऑइलच्या डब्यावरचे आकडे वाचायला शिकलो. ते ऑइल जिथे पोचायला हवं तिथे वेळेवर पोचलं नाही, तर काय ऐकू येतं ते आज पाहू.

उदाहरणाला गाडी घेतली आहे माझ्दाची एमएक्स-५, पहिल्या पिढीची. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये ती लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. आपल्याकडे ती अधिकृतपणे कधीच विकायला आली नाही. पण तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाला जुन्या बाजारातून स्पोर्ट्स कार घ्यायची हौस आली, तर यादीत हिचं नाव हमखास असतं. आणि हिची टिकटिक इतकी प्रसिद्ध आहे की निम्मे मालक ‘या गाडीला असतंच ते’ म्हणून कानाडोळा करतात, उरलेले घाबरून थेट इंजिन खोलायला निघतात. मला दोन्ही पटत नाही.

मेकॅनिककडे गेल्यावर आपण सांगतो, ‘पुढून कुठून तरी आवाज येतोय.’ या माहितीचा त्याला काडीचा उपयोग नसतो. आवाज लोखंडातून आणि ॲल्युमिनियममधून कुठच्या कुठे जातो. त्यापेक्षा तो केव्हा येतो ते सांगा. इंजिन थंड असताना की तापल्यावर? गाडी उभी असतानाही येतो का? क्लच दाबला की बदलतो का? मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना गाडी न्यूट्रल करून पाहा. इंजिनाचे फेरे उतरल्याबरोबर आवाजही उतरला तर तो इंजिनाचा. चाकांच्या वेगालाच धरून राहिला तर हब, डिफरन्शियल, टायर यांच्याकडे बघायचं.

समजा, आवाज इंजिनाचाच निघाला. आता थोडं गणित. ही गाडी उभ्या जागी मिनिटाला साधारण ८५० फेऱ्यांवर चालते. म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला १४ वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने, ७ वेळा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, वेग कमी करून वाजवा आणि टिका मोजा. सेकंदाला १४ भरल्या तर क्रँकबरोबर फिरणारं काहीतरी आहे. ७ भरल्या तर संशयित मुख्यतः तीन. टॅपेट, कारण प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. एखाद्या सिलिंडरपाशी एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून होणारी गळती, कारण धूरही त्याच हिशेबाने बाहेर पडतो. आणि तिसरा संशयित, ज्याची खरी भीती, तो कनेक्टिंग रॉडचा बेअरिंग. तो क्रँकवर असला तरी त्याला जोराचा दणका बसतो सिलिंडरमध्ये स्फोट होताना, आणि तोही दोन फेऱ्यांतून एकदाच.

म्हणजे नुसत्या मोजणीने निकाल लागत नाही. पुढची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा आणि परत लावायचा. ज्या सिलिंडरचं पेट्रोल बंद केल्यावर ठोका मऊ पडतो किंवा जातो, तिथे बेअरिंग तरी गेलेला असतो, नाहीतर गॅस्केट तरी. गॅस्केटची गळती थंड इंजिनात जास्त वाजते, मॅनिफोल्ड तापून फुगला की बऱ्याचदा दबते, आणि सांध्यापाशी काजळीची रेघ सोडून जाते. बेअरिंगचा आवाज जड, खालून येणारा. ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडला की ठकठक स्पष्ट कळते. तसं असेल तर गाडी तिथेच बंद करा आणि टो करून न्या.

काहीच फरक पडला नाही, तर बहुतेक टॅपेट. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक वरच्या झाकणावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. (पट्टे आणि पंखा फिरत असतात, सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी आधी आवरा.) टोक इंचाइंचाने सरकवलं की एका जागी टिकटिक एकदम उघडी, कोरडी ऐकू येते.

जुन्या बुलेटची टॅपेट सेट करून घेतलेल्यांना व्हॉल्व्हची फट ठाऊक असेल. फट जास्त झाली की वाजते, कमी झाली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. माझ्दाने हे काम ऑइलवर सोपवलं होतं. १.६ लिटरच्या या इंजिनात १६ व्हॉल्व्ह आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वाटीच्या आकाराचा टॅपेट. वाटीच्या पोटात छोटा प्लंजर, स्प्रिंग आणि एक इवलीशी गोळी. दाबाखालचं ऑइल आत शिरतं, गोळी परतीची वाट बंद करते, आणि अडकलेल्या ऑइलच्या आधाराने प्लंजर फट भरून काढतो. त्या बारीक वाटेत जुन्या ऑइलचा चिकट थर बसला, किंवा रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल ओघळून हवा शिरली, की वाटी पोकळ पडते आणि कॅम तिच्यावर टिचकी मारत राहतो. सकाळी सुरू केल्यावर थोडा वेळ वाजून गप्प होणारी टिकटिक ती हीच. दुसऱ्या पिढीच्या १.८ लिटर इंजिनात माझ्दाने हा प्रकार काढून साधी भरीव वाटी बसवली. टिकटिक गेली, फट मोजण्याचं काम परत आलं.

इलाज करताना स्वस्तापासून सुरुवात. आधी डिपस्टिक पाहा. पातळी खाली असेल तर निम्मं कोडं तिथेच सुटतं. मग ऑइल आणि फिल्टर बदला, हायवेवर चांगली लांब फेरी मारून आणा. तरीही वाजलं तरच कॅमशाफ्ट उतरवायचे. बाहेर काढलेली वाटी अंगठ्याने दाबून पाहा. चांगली असेल तर दगडासारखी घट्ट लागते, बिघडलेली आत दबते. तेवढ्याच धुऊन, ऑइल भरून परत बसवता येतात.

एक गोष्ट मात्र टिकटिकीच्या आधीच तपासा. सुरुवातीच्या या गाड्यांत डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा खरा काटा आहे. १९९५ च्या मॉडेलपासून काटा नावापुरता उरला, दाब किमान पातळीच्या वर असला की मधोमध उभा. खरा काटा तापलेल्या इंजिनात नेहमीपेक्षा खाली बसत असेल, तर टॅपेट हे नुसतं लक्षण समजा आणि ऑइल पंप, बेअरिंग यांच्याकडे वळा.

आणि मोजणी १४ ची आली असेल तर बोनेट उघडून क्रँकची पुढची पुली पाहा. १९९१ पर्यंतच्या काही इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही तर तिथली चावी आणि खाच झिजते, पुली डुगडुगते, टायमिंग मागे पडतं आणि गाडीचा दम जातो. पुलीला चार खाचा दिसल्या तर ते आखूड टोकाचं इंजिन. सुधारलेल्या इंजिनात त्या आठ असतात.

(पुढच्या आठवड्यात : चाकांबरोबर येणारी घरघर)